गोधडीची लहान चौकट : वस्त्र, चित्र आणि आशय

१

गोधडी ही आपल्या घरात अंथरण्या-पांघरण्याची वस्तू म्हणून आली आणि झिजून संपेपर्यंत तशीच राहिली. ती शिवणाऱ्या बायका एकमेकींच्या हाताची नीट पारख करीत, रंगांच्या जुळणीवर बोलत, टाक्याच्या बारीकपणाची वाखाणणी करीत. पण त्या बोलण्याला कोणी समीक्षा म्हटले नाही. अलीकडच्या काही दशकांत मात्र हातभर किंवा त्याहूनही लहान आकाराच्या, केवळ भिंतीवर लावण्यासाठी शिवलेल्या गोधड्या शहरी कलाव्यवहारात दिसू लागल्या आहेत. चूल, बाजार, नळावरची रांग, प्रवास असे रोजच्या जगण्यातील प्रसंग आणि हुंडा, स्थलांतर, दारिद्र्य, जातिभेद यांसारखे सामाजिक प्रश्न हे त्यांचे विषय असतात. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. बिहारमध्ये, अमेरिकेत, चिलीत त्याची रूपे निरनिराळ्या कारणांनी घडली आहेत.

अशा कृतींविषयी जे लिहिले जाते ते बहुधा कौतुकाचे असते. आजीच्या मायेची ऊब, परंपरेचे जतन, टाकाऊतून टिकाऊ एवढ्या तीन मुद्द्यांत ते संपते. कौतुक करण्यात गैर काही नाही. परंतु एखादी कृती चांगली का आणि दुसरी त्याच विषयावरची असूनही उणी का, हे कौतुकाने कळत नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. गोधडी लहान होऊन भिंतीवर गेली म्हणजे तिचे नेमके काय होते? तिच्यातील सामाजिक आशय कोठे असतो, वर शिवलेल्या चित्रात की ज्या कापडाची ती बनली त्या कापडात? आणि आपल्या मराठी सौंदर्यविचाराने घडवलेल्या संज्ञा या कामी कितपत उपयोगी पडतात?

२

विचाराला आरंभ करण्यापूर्वी वस्तूची घडण पाहिली पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तीवर उभा आहे. महाराष्ट्रातील गोधडीत, रजई किंवा दुलईप्रमाणे, कापूस भरलेला नसतो. जुनी लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर एकावर एक पसरायचे, कडा आत दुमडायच्या आणि सर्व थरांतून आरपार जाणारा धावदोरा घालायचा, एवढीच तिची रचना. कित्येक गोधड्यांत हा दोरा कडेने सुरू होतो, कोपऱ्यावर वळतो आणि फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे सरकत जातो. काहींत तो एका बाजूकडून दुसरीकडे समांतर ओळींनी धावतो. वरच्या थराला जेथे भोक पडले असेल तेथे ठिगळ येते. ठिगळ प्रथम गरजेचे असते. मग डाव्या कोपऱ्यात एक लाल ठिगळ लागले म्हणून उजव्या कोपऱ्यातही तसेच एक लावावेसे वाटते. शोभेचा जन्म येथे गरजेच्या पोटी होतो, आणि या क्रमाचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. पहिली अशी की, गोधडीतील टाका हा अलंकार नव्हे, तो बांधणी आहे. टाका उसवला तर थर सुटतात आणि गोधडीची पुन्हा चिरगुटे होतात. भरतकामात सुई कापडावर काहीतरी काढते. गोधडीत सुई कापडाला अस्तित्वच देते. दुसरी गोष्ट अशी की, गोधडीचे कापड कोरे नसते. ते कोणी तरी नेसलेले, धुतलेले, उन्हात वाळवलेले असते. वापराने मऊ पडलेले सुती कापडच या कामाला योग्य, कारण नव्या कापडाची खळ आणि ताठरपणा अंगाला सुखाचा नसतो. तान्ह्या मुलाचे दुपटे मुद्दाम जुन्या लुगड्याचे करीत त्यामागे हाच व्यवहार होता. लहान गोधडी ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. दुपटे हे तिचे जुने रूप आहे. फरक एवढाच की दुपट्याचे लहानपण बाळाच्या अंगावरून ठरे, आजच्या चौकटीचे भिंतीवरून ठरते.

झिजलेले वस्त्र स्वतःच काही बोलू शकते, हे आपल्या परंपरेला ठाऊक होते. कंथा हे विरक्ताचे वस्त्र. ठिगळांचा वेश म्हणजे संग्रहाचा त्याग. हा संकेत नाथपंथापासून चालत आला. विसाव्या शतकात गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) त्याचा वेगळाच उपयोग केला. चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा आणि गाडगे अशा वेशात ते गावोगाव फिरत, आणि लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडेबुवा अशा नावांनी ओळखत. त्या अंगरख्यावर कोणतेही चित्र नव्हते, अक्षर नव्हते. तरीही स्वच्छता, दारिद्र्य आणि प्रतिष्ठा यांविषयीचे त्यांचे म्हणणे कीर्तनाला तोंड फुटण्यापूर्वीच त्या वस्त्राने मांडलेले असे.

३

आता मराठी सौंदर्यविचाराकडे वळू. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात कलाकृतीच्या घाटाची उपपत्ती लयतत्त्वावर उभारली आणि संवाद, विरोध व समतोल ही लयीची तीन अंगे सांगितली. गोधडीला हे विवेचन विलक्षण चपखल बसते. सारख्या अंतराने पडत जाणारा धावदोरा हा संवाद. विटलेल्या पांढऱ्या धोतराशेजारी इरकली लुगड्याचा तांबडा काठ येतो तो विरोध. आणि चार कोपरे व मध्य यांच्यात वजनाची जी वाटणी शिवणारी नजरेनेच करते तो समतोल. ज्या बाईने लय हा शब्द कधी शास्त्रार्थाने वापरला नाही तिच्या हातात ही तीनही अंगे नांदत होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

परंतु याच ठिकाणी अडचण सुरू होते. घाटापुरते पाहू गेल्यास तो तांबडा काठ हा एक रंगाचा पट्टा आहे. तो कोणाच्या लुगड्याचा, हे कळून घाटात काही भर पडत नाही. ते ज्ञान लौकिक ठरते आणि सौंदर्याच्या हिशेबाबाहेर राहते. उलट शिवणारीला विचारले तर तिचे पहिले वाक्य बहुधा हेच असेल, की हा काठ अमक्या लुगड्याचा. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कलाविचाराच्या स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी अशा दोन टोकांची जी चिकित्सा केली तिची येथे आठवण होते. गोधडी या दोन टोकांच्या मध्ये उभी नाही. ती दोन्ही टोकांवर एकाच वेळी उभी आहे, आणि म्हणूनच तिची समीक्षा अवघड आहे.

केवळ घाटाच्या दृष्टीने पाहिल्यास काय मिळते आणि काय गमावते, याचा एक दाखला परदेशात घडला. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकन गोधड्यांचे प्रदर्शन भरले. पलंगावरची गोधडी तेथे अमूर्त चित्राप्रमाणे भिंतीवर टांगली गेली, आणि चित्रकलेच्या रसिकांनी तिच्यातील भूमितीला मनापासून दाद दिली. घरकाम मानल्या गेलेल्या कलेला त्यामुळे मोठा मान मिळाला, हे खरे. पण रंगाकारांची ही स्तुती चालू असता त्या कोणी शिवल्या, कशासाठी आणि कोणत्या कापडाच्या, हे प्रश्न मागे पडले, असा आक्षेप पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतला. तो रास्त होता.

या आक्षेपाचे बळ एकाच उदाहरणाने पटेल. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील मिझूरी पेटवे या बाईने १९४२ साली नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या प्रेमाखाली निजता यावे, हा हेतू तिने मुलीजवळ बोलून दाखविला होता. विटक्या निळ्या-करड्या रंगाच्या पट्ट्यांची ती रचना घाट म्हणून अत्यंत संयत आणि भारदस्त आहे. २००२ पासून गीज बेंडच्या गोधड्यांची प्रदर्शने अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांत झाली, तेव्हा समीक्षकांनी आधुनिक चित्रकलेशी तिच्या जातकुळीची तुलना केली. तुलना चुकीची नाही. पण कापडावरच्या फिकट आणि गडद जागा मुळात का आहेत? सतत वाकून काम करणाऱ्या माणसाचे कपडे गुडघ्यावर झिजतात आणि खिसा उसवून काढला की त्याखालचा मूळ रंग उघडा पडतो. ती रंगछटा म्हणजे त्याच्या श्रमाचा ठसा आहे. येथे लौकिक ज्ञान घाटाला बाहेरून चिकटवलेले नाही. घाटातील छटा त्या ज्ञानामुळेच अर्थपूर्ण होतात. आशय कापडातच विणलेला असतो म्हणतात तो असा.

फडके-खांडेकरांच्या काळात कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद आपल्याकडे बराच रंगला. त्या वादात कला आणि जीवन यांना दोन वेगळ्या राशी मानून कोणती कोणासाठी, एवढेच विचारले जात होते. गोधडीपुढे तो प्रश्नच विचारता येत नाही. जी वस्तू जीवनात झिजलेल्या कापडाचीच बनते तिच्यात जीवन आणून ओतावे लागत नाही. ते तेथे आधीच असते. कलावंताचे काम त्याला जागा देण्याचे.

४

या पार्श्वभूमीवर लहान, चित्रमय, सामाजिक विषयांच्या गोधड्यांकडे पाहू. या परंपरेत हॅरिएट पॉवर्स हे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८३७ साली जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या या स्त्रीने १८८६ मध्ये बायबलमधील प्रसंगांची गोधडी शिवली. कापडाचे आकार कापून तिने अकरा चौकटींत मनुष्य, प्राणी, तारे यांच्या आकृती बसवल्या. आर्थिक अडचणीमुळे १८९१ मध्ये तिला ती विकावी लागली. दहा डॉलर मागून पाच मिळाले. विकत घेणाऱ्या जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने प्रत्येक चौकटीचा अर्थ पॉवर्सच्या तोंडून ऐकून लिहून ठेवला. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. तिच्या दुसऱ्या गोधडीत, जी बोस्टनच्या संग्रहालयात आहे, धर्मकथांच्या जोडीला १८३३ मधील उल्कावर्षावासारखे लोकांच्या स्मरणातले प्रसंगही आहेत. पॉवर्सची थोरवी चित्रकौशल्यात शोधू नये. पुराणकथा आणि पाहिले-ऐकलेले जग एकाच मापाच्या चौकटींत शेजारी ठेवण्याचे जे धैर्य तिने दाखवले, त्यात ती आहे. गुलामीत जन्मलेल्या स्त्रीने आपल्या लोकांच्या स्मृतीला धर्मग्रंथाच्या बरोबरीचे स्थान दिले, आणि ते सांगण्यासाठी तिला घोषणेची गरज पडली नाही.

बिहारमधील सुजनीचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. सुजनी म्हणजे नवजात बालकासाठी जुन्या साड्यांच्या थरांची केलेली मऊ गोधडी. आपल्या दुपट्याची सख्खी बहीण. चिंध्यांची अधिष्ठात्री अशा चितिरिया मातेशी तिचा संबंध जोडला जातो. मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस या कामाचे पुनरुज्जीवन झाले, आणि तेथील स्त्रिया हुंडा, दारू, मुलींचे शिक्षण, घरातील मारहाण हे विषय कापडावर शिवू लागल्या. २००६ मध्ये सुजनीला भौगोलिक निर्देशनही मिळाले. ज्या स्त्रियांना पंचायतीत बोलता येत नव्हते त्यांनी सुईने बोलावे, ही घटना सामाजिक दृष्ट्या मोठी आहे, आणि तिला उणेपणा आणण्याचा हेतू येथे नाही. तथापि समीक्षेला एक निरीक्षण नोंदवणे भाग आहे. बाजारासाठी होणारे हे काम नव्या कापडावर होऊ लागले. धावदोरा राहिला, पण थर बांधण्याचे त्याचे काम दुय्यम झाले आणि चित्राची रेघ भरण्याचे काम मुख्य झाले. वस्त्र बोलेनासे झाले आणि वस्त्रावर काढलेले चित्र बोलू लागले. चित्राला एकट्याने सगळा भार उचलावा लागला, तेव्हा जेथे शिवणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे निरीक्षण होते तेथे कृती जिवंत झाली, आणि जेथे शिबिरातून आलेला विषय होता तेथे ती भित्तिपत्रकाच्या पातळीवर उतरली.

याच्या उलट दाखला चिलीचा. १९७३ च्या लष्करी उठावानंतर तेथे ज्यांचे मुलगे, नवरे, भाऊ नाहीसे केले गेले अशा स्त्रियांनी सॅंटियागोत चर्चच्या आश्रयाने एकत्र येऊन गोणपाटावर लहान लहान कापडी चित्रे शिवली. त्यांना आर्पियेरा म्हणतात. आकार लहान ठेवण्याला तेथे व्यावहारिक कारणही होते. लहान वस्तू लपवता येते, देशाबाहेर सहज नेता येते. त्यांपैकी काहींत नाहीशा झालेल्या माणसाच्या कपड्याचा तुकडाच वापरला जाई. चित्रातली घरे, डोंगर, रांगा अगदी साध्या, जवळजवळ बालचित्रासारख्या असत. पण त्या सदऱ्याचा तुकडा जेथे येतो तेथे चित्राचा दर्जा बदलतो. तो तुकडा त्या माणसाचे चित्र नसतो. तो त्या माणसाचा उरलेला भाग असतो. पुरावा आणि शोक एकाच टाक्यात येतात.

५

आता पुण्याचा विचार करू. या शहरात शिवणकामाचे दोन इतिहास आहेत आणि ते एकमेकांना फारसे भेटले नाहीत. एक इतिहास संस्थांचा. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना जी कौशल्ये शिकवली त्यांत शिवणकाम होते. विधवा आणि निराधार स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे करण्याचे ते साधन होते. शाळांतून मुलींना शिवणाचे नमुने करावे लागत, सरळ टीप आणि स्वच्छ काज यांना गुण मिळत. दुसरा इतिहास गोधडीचा. तो पेठांतल्या माजघरांत, मावळ-मुळशीच्या खेड्यांत आणि खेड्यांतून पोटासाठी शहरात आलेल्यांच्या वस्त्यांत घडला. त्याला वर्ग नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. पहिल्या इतिहासाने बाईला मिळकत दिली. दुसऱ्याने घराला पांघरूण दिले. आजची लहान कलात्मक गोधडी ही या दोन प्रवाहांची भेट आहे: हात बहुधा पहिल्यात शिकलेला असतो, आणि रूप दुसऱ्यातून उचललेले.

ही भेट उशिरा का झाली, याचे कारण कापडाच्या प्रवासात सापडते. शहरात जुने वस्त्र घरात राहत नाही. दारावर बोहारीण येते, कपड्यांचे गाठोडे घेते आणि स्टीलचे पातेले देऊन जाते. साडी अशा रीतीने भांडे बनते, गोधडी बनत नाही. त्यातच १९६० नंतरच्या दशकांत कृत्रिम धाग्याच्या साड्या रूढ झाल्या. त्या लवकर झिजत नाहीत, घाम शोषत नाहीत, थरांत एकमेकींवरून घसरतात. गोधडीसाठी त्या कुचकामाच्या. नऊवारी सुती लुगडे नेसणारी पिढी सरली तशी गोधडीची कच्ची सामग्रीच सरली. म्हणून आज शहरात जो गोधडी शिवू बसतो त्याच्या हाती पडते ते शिंप्याच्या दुकानातले कातरण किंवा दुकानातून आणलेले नवे सुती कापड. कातरणाला रंग असतो, पोत असतो, परंतु गतायुष्य नसते. लहान गोधडीने चित्राचा आश्रय का घेतला याचे हे खरे कारण मला दिसते. ज्या कापडाला सांगण्यासारखे काही नाही त्यावर काही तरी काढून दाखवावे लागते.

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पू. पुण्यात भिडे वाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना सावित्रीबाई फुले यांच्यावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या एक जादा लुगडे सोबत नेत, असे सांगितले जाते. हातभर गोधडीसाठी याहून योग्य विषय सुचणे कठीण. समजा, दोन जणींनी तो शिवला. पहिलीने नव्या छापील कापडातून सावित्रीबाईंची आकृती कापली, हाती पुस्तक दिले, तपकिरी कापडाचे ठिपके लावून चिखल दाखविला आणि खाली एक बोधवाक्य शिवले. दुसरीने आकृती काढलीच नाही. तिने वापरलेल्या लुगड्याचा, धुवूनही डाग न गेलेला तुकडा वर घेतला, त्याखाली स्वच्छ तुकड्याचा थर दिला, आणि वरचे कापड जेथे विरले आहे तेथून खालचा थर दिसू दिला. कडेने आत येणारा धावदोरा दोहोंना घट्ट धरून ठेवतो. पहिल्या गोधडीला विषय आहे. दुसऱ्या गोधडीत त्या विषयाची घडण आहे. डाग, धुणे आणि पुन्हा नेसणे ही त्या स्त्रीच्या धैर्याची रोजची क्रिया होती, आणि तीच क्रिया कापडाने सोसलेली आहे. पहिलीत आपल्याला आधी माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगितली जाते. दुसरीत, मळलेले वस्त्र बदलून वर्गात उभे राहणे म्हणजे काय, हे प्रथमच ध्यानात येते.

येथे एक शंका निघेल. आकृती आणि शब्द यांना गोधडीत स्थानच नाही काय? तसे म्हणता येणार नाही. फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकर्तीने 'टार बीच' (१९८८) या कृतीत मधोमध चित्र आणि त्याच्या वर-खाली हाताने लिहिलेली कथा अशी रचना केली. उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर गोधडी अंथरून पहुडलेली लहान मुलगी शहरावरून उडण्याचे स्वप्न पाहते. येथे शब्द घोषणा नाहीत. ते कथन आहे, आणि कापडाच्या तुकड्यांची किनार त्या कथनाला घराचे कुंपण घालते. गोधडी विषयातही आहे आणि माध्यमातही. शब्दाला विरोध नाही. कापडाने सांगितलेलेच पुन्हा सांगणाऱ्या शब्दाला आहे.

दुसऱ्या पद्धतीचेही धोके ओळखले पाहिजेत. झिजलेल्या कापडाला मोल आले की झीज कृत्रिमपणे निर्माण करण्याचा मोह होतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले कापड आणि कष्टाने विटलेले कापड छायाचित्रात सारखेच दिसते. याहून गंभीर प्रश्न श्रमिकांच्या वस्त्राचा आहे. पुण्यातील कचरावेचक स्त्रियांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या रूपाने आपली संघटना उभारली, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून कामाला लागली. अशा स्त्रीच्या जीवनावर कोणी लहान गोधडी शिवली आणि तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्यात वापरला, तर तो तुकडा कसा मिळाला, त्याचा मोबदला आणि श्रेय कोणाला, हा प्रश्न कलाबाह्य म्हणून टाळता येणार नाही. कापडातील आयुष्य हाच जर कृतीचा आशय, तर ज्याचे आयुष्य त्याचे नाव हा त्या आशयाचाच भाग होय.

६

नावाचा हा प्रश्न मराठी अभ्यासकांना नवा नाही. १९८० च्या दशकापासून हेमा राइरकर आणि गी पॉइत्वँ यांनी पुणे जिल्ह्यातील मावळ-मुळशीच्या गावांतून आणि पुढे अन्यत्र जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. या संग्रहाचे मोठेपण केवळ संख्येत नाही. प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवण्याची शिस्त त्यांनी पाळली. लोकवाङ्मय म्हणजे अनामिकांचे वाङ्मय, हा समज त्यामुळे ढासळला. ओवी अनामिक नव्हती. नाव विचारण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, एवढेच.

गोधडीच्या बाबतीत ही तसदी अजून फारशी घेतली गेलेली नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर सचित्र ग्रंथ सिद्ध करून वाट घालून दिली आहे. पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालयाने अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तूंकडे कलावस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. काकासाहेब केळकरांनी १९२० पासून जमवलेला तो संग्रह १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन झाला. पण पितळेचा दिवा शतकानुशतके टिकतो. वापराची गोधडी मात्र आपले काम चोख करीत असतानाच नाहीशी होते. शेवटी तिचेही पोतेरे होते. म्हणूनच तिचे जतन वस्तूइतकेच नोंदीवर अवलंबून आहे: कोणी शिवली, कोणासाठी, कोणत्या वर्षी, कोणता थर कोणाच्या वस्त्राचा. आजही पुण्यातील कित्येक घरांच्या माळ्यावर अशा गोधड्या आहेत आणि त्यांतील तुकडे ओळखणाऱ्या वृद्धा हयात आहेत. गोधडी आणखी काही वर्षे तग धरील. ती ओळख तेवढी टिकणार नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी ज्या तन्मयतेने हस्तलिखितांचे पाठभेद पाहिले त्या तन्मयतेने त्यांनी या थरांची नोंद करावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

लहान कलात्मक गोधडीच्या परीक्षणासाठी या विवेचनातून काही कसोट्या हाती येतात. टाका थर बांधतो की नुसता वर मिरवतो, हे प्रथम पाहावे. कापडाचे पूर्वायुष्य कृतीत कामाला लावले आहे की ते केवळ रंग म्हणून आले आहे, हे नंतर पाहावे. निवडलेला विषय कापडानेच सांगता येण्यासारखा आहे, की तो कागदावर अधिक चांगला सांगता आला असता, हे तिसरे. आणि ज्यांचे वस्त्र, ज्यांचे हात, त्यांची नावे कृतीसोबत आहेत की नाहीत, हे चौथे. या कसोट्यांना उतरणारी कृती हातभर असली तरी तिला लहान म्हणता येणार नाही.

गोधडी भिंतीवर गेली याचा खेद करण्याचे कारण नाही. अंथरुणावर तिची ऊब मिळे, पण तिच्याकडे पाहिले जात नसे. भिंतीवर तिच्याकडे पाहिले जाते, पण ऊब मिळत नाही. हा बदल स्वीकारताना एवढेच मागावे, की जे पांघरता येत नाही त्याने निदान कोणी काय पांघरले होते, हे आपल्याला विसरू देऊ नये.